कडक नोट म्हणजे कोरी नोट नव्हे!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळ बघून घेईल. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण यातलं शहाणपण मला आजोबांकडून मिळालं, ते मराठीतून आणि थोडं ओरडा खाऊनच.

गेल्या हिवाळ्यात घाटकोपरच्या एका हॉलमध्ये नाणी-नोटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस तोंडावर आला होता. ते मूळचे महाडकडचे, आणि उभा जन्म बँकेत कॅशियर. त्यामुळे महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले सी. डी. देशमुख म्हणजे त्यांचं दैवत. देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि पुढे केंद्रात अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला होते! म्हणून ठरवलं, देशमुखांची सही असलेली नोट भेट द्यायची. शिकवण्या घेऊन साठवलेले अडीच हजार पर्समध्ये टाकले आणि निघाले.

हॉलमध्ये टेबलंच टेबलं. प्लास्टिकच्या पानांचे अल्बम, भिंगं, आणि खिशात याद्या घेऊन फिरणारे काका लोक. तिथे पहिली गोष्ट कळली ती ही, की नोटा नुसत्या किमतीप्रमाणे जमवत नाहीत, तर सहीप्रमाणे जमवतात. एक रुपयाची नोट भारत सरकारची, त्यामुळे तिच्यावर वित्त सचिवाची सही असते. बाकीच्यांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. मनमोहन सिंग दोन्ही पदांवर होते, म्हणून त्यांची सही दोन्ही प्रकारांत सापडते. भा. ना. आडारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांचीही सही आहे. सही, मालिका, नंबराजवळचं छोटं इंग्रजी अक्षर, सगळं जुळवून लोक याद्या पूर्ण करतात. आपण सबमिशनच्या याद्या करतो तशाच!

दुसरी गोष्ट म्हणजे 'कंडिशन'. कधीच न वापरलेली, घडी न पडलेली नोट म्हणजे यूएनसी. थोडी हाताळलेली एक्सएफ, त्याहून जास्त फिरलेली व्हीएफ, अशी उतरंड असते. तीच नोट, तीच सही, पण एका घडीने किंमत धाडकन खाली येते. आणि सगळी गंमत (आणि फसवणूक) इथेच आहे.

मला सहाव्या जॉर्जच्या चित्राची दोन रुपयांची नोट हवी होती. दोन रुपयांची नोट युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये आली. दोन टेबलांवर देशमुखांच्या सहीची नोट मिळाली. पहिल्या टेबलावरच्या काकांची नोट छान होती, पण डावीकडे दोन बारीक भोकं आणि कागद किंचित पिवळट. किंमत अडीच हजार. दुसऱ्या टेबलावरची नोट पांढरीशुभ्र, सपाट, भोकं नाहीत. "बेटा, एकदम कडक नोट है, यूएनसी!" बावीसशेला दिली. मी मनात म्हटलं, काय डील मारलं!

संध्याकाळी मुलुंडला आजोबांच्या हातात नोट ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला, ट्यूबलाइटसमोर तिरपी धरली आणि विचारलं, "भोकं कुठायत?"

"नाहीत ना! म्हणून तर घेतली."

"अगं, नोटांच्या गड्डीला पिना मारून मारून आमचे हात गेले. बँकेतून निघालेल्या इतक्या जुन्या नोटेला भोकं नाहीत? बघ, इथे आहेत. बुजवली आहेत."

खरंच, उजेडासमोर दोन अंधुक ठिपके दिसत होते. आजोबा म्हणाले ते खरं आहे. गड्डीला पिना मारायची पद्धत बँकांनी बंद करावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये काढला. त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही भोकं असू शकतात, आणि आपल्याकडचे जमवणारे तिला तरीही यूएनसी मानतात. म्हणजे मी जी सोडून आले तीच नोट प्रामाणिक होती.

माझ्या नोटेचं काय झालं असणार ते नंतर समजलं. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. घडी पडली की तिथले तंतू मोडतात. नोट धुऊन, दाबून इस्त्री केली की घडी सपाट होते, भोकंही बऱ्यापैकी मिटतात, पण मोडलेले तंतू काही जुळत नाहीत. धुण्याने कागद लुळा पडतो, मग खळ घालून कडक करतात. सुती साडीसारखंच! तिरप्या उजेडात घडीची रेघ मात्र दिसते.

सोमवारी कॅन्टीनच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली धरली. नोट निळसर चमकली, अगदी माझ्या पांढऱ्या कुर्त्यासारखी! कारण एकच. कपडे धुण्याच्या पावडरीत अतिनील किरण शोषून निळा उजेड देणारी द्रव्यं असतात. नोटेच्या कागदात ती घालत नाहीत, म्हणून खरी नोट या दिव्याखाली मंद दिसते (नव्या नोटांत मुद्दाम घातलेले चमकणारे भाग सोडून). एक लक्षात ठेवा, चमक नाही म्हणजे नोट धुतलेली नाही असं मात्र सिद्ध होत नाही. साध्या पाण्याने धुतली तर दिवा काहीच सांगणार नाही.

त्याआधी रविवारीच मी परत गेले होते. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. भोकंवाली नोट तोवर गेली होती.

म्हणून हॉस्टेलकरांनो, जाणार असाल तर:

१. आधी प्लास्टिकमधून बाहेर काढून दाखवायला सांगा. कडेने धरा, तिरप्या उजेडात बघा. दाखवायला नकार मिळाला तर पुढचं टेबल.

२. पहिल्या दिवशी फक्त बघा, भाव विचारा. खरेदी दुसऱ्या दिवशी.

३. बिलावर 'यूएनसी' असं लिहून घ्या, आणि परतीची अट पैसे देण्याआधी वाचा.

४. नंबरातल्या चांदणीला भुलू नका. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेल्या नोटेवर २००६ पासून चांदणी छापतात. नुसत्या चांदणीने नोट दुर्मिळ होत नाही.

५. २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा ढिगाने घेऊ नका. २०१७ च्या कायद्याने एकूण दहाच ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीस.

६. 'रिझर्व्ह बँकेमार्फत जुनी नोट विकून देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच याबद्दल सावध केलं आहे.

फुकटात शिकायचं असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय बघा. तिथे खऱ्या नोटा बघून डोळा तयार होतो.

आजोबांनी नोट परत केली नाही. पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. "सही खरी आहे," म्हणाले, "पण बावीसशे जास्त दिलेस." पुढच्या प्रदर्शनाला तेच माझ्याबरोबर येणार आहेत. अजून कोणाला यायचं असेल तर मेसच्या नोटीसबोर्डवर नाव लिहा. तिरपा उजेड आणि आजोबा, दोन्ही मी घेऊन येते!