कालानुक्रमी स्वपरिचयपत्र : निवड आणि लेखन



नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाच्या स्वपरिचयपत्राचा विचार येथे करावयाचा आहे. व्यवहारात त्यास ‘रेझ्युमे’ म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच असून ‘सारांशरूपाने सांगितलेले’ असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे रूढ असलेला ‘बायोडेटा’ हा शब्द विवाह जुळवतानाही वापरला जातो. त्यामुळे रास, गोत्र, उंची असा मजकूर नकळत नोकरीच्या पत्रातही शिरतो. तेथे तो अप्रस्तुत होय.

क्रम आणि निवड

‘कालानुक्रमी’ म्हटले, की दहावीपासून आरंभ करावा असे वाटते. प्रत्यक्षात या प्रकारात सर्वांत अलीकडची नोंद प्रथम येते आणि क्रम मागे जातो. कारण अर्जदार आज काय करतो, हे वाचणाऱ्यास आधी जाणून घ्यायचे असते. शिक्षण व काम यांची वाटचाल बव्हंशी सलग असेल, तर हा प्रकार निवडावा. कामाचे क्षेत्रच बदलावयाचे असेल, तर कौशल्यांना अग्रस्थान देणारा प्रकार सोयीचा ठरतो.

खंडाचे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या शिक्षणात खंड पडलेला असतो. तो लपविण्यासाठी वर्षे गाळली, तर शंका अधिकच वाढते. पुढील नमुना पाहा.

२०२३ पासून : बी.ए. (मराठी), सध्या तृतीय वर्ष
२०१९ पासून : किराणा दुकान – हिशेब व मालाच्या नोंदी
२०१४–२०१९ : महिला बचत गट, सचिव – सभांचे इतिवृत्त, कर्जफेडीच्या नोंदी
२०११–२०१४ : कौटुंबिक जबाबदारी
२०११ : बारावी (कला)

येथे खंड एका ओळीत, कोणतेही स्पष्टीकरण न देता नोंदविला आहे. बचत गटाचे काम मात्र ‘घरी होते’ या शब्दांत बुडून गेलेले नाही. वेतन मिळाले नाही म्हणून काम हे काम राहत नाही, असे नव्हे.

पदवी पूर्ण होण्यापूर्वी केवळ ‘बी.ए.’ असे लिहू नये. ‘तृतीय वर्ष’ असा स्पष्ट उल्लेख करावा. मुक्त विद्यापीठाचे नाव लिहिताना संकोच नसावा. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ शिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

भाषा

‘मला हिशेबाचे काम पाहावे लागत असे’ आणि ‘दुकानाचे दैनंदिन हिशेब ठेवले’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात ‘मला’ या चतुर्थीमुळे व ‘लागत’ या क्रियापदामुळे सक्ती व्यक्त होते आणि कर्तृत्व झाकले जाते. दुसऱ्यात ‘मी’ अध्याहृत असूनही कर्तृत्व उघड दिसते. ‘टंकलेखन उत्तम’ हे मत झाले. ‘मराठी टंकलेखन, मिनिटास ३० शब्द’ ही पडताळता येणारी माहिती होय. स्वपरिचयपत्रात विशेषणांपेक्षा अशा माहितीस मोल असते. मजकूर शक्यतो एका पृष्ठात बसवावा.

स्वाध्याय

१. आपल्या मागील दहा वर्षांच्या नोंदी उलट्या क्रमाने लिहा. एकही वर्ष गाळू नका.
२. त्यांतील ‘लागत असे’, ‘करावे लागले’ अशा रचना शोधून त्या कर्तरी रचनेत बदला.