औद्योगिक सवलतींचे शासकीय आश्वासन : कायदेशीर बंधनकारकतेचे स्वरूप

प्रस्तावना

उद्योगांना मिळणारे अनुदान, करमाफी किंवा शुल्कसवलत ही शासनाची मेहेरबानी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. संविधानाच्या अनुच्छेद २८२ अन्वये केंद्र व राज्ये कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकतात. परंतु एकदा जाहीर केलेली सवलत शासनाला मागे घेता येते काय, याचे उत्तर त्या अनुच्छेदात नाही. ते न्यायनिर्णयांतून घडले असून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

मोतीलाल पदमपत प्रकरण

या विषयातील आधारभूत निर्णय 'मोतीलाल पदमपत शुगर मिल्स' विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा होय. कंपनीच्या नावात साखर असली, तरी वाद कानपूर येथील वनस्पती तुपाच्या कारखान्याचा होता. नव्या कारखान्यास उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षे विक्रीकर माफ राहील, असे आश्वासन राज्याच्या मुख्य सचिवांनी जानेवारी १९६९ मध्ये पत्राद्वारे दिले. त्यावर विसंबून कंपनीने कर्ज उभारले व कारखाना बांधला. पुढे शासनाने संपूर्ण माफीऐवजी अंशतः सवलत देऊ केली आणि जुलै १९७० मध्ये उत्पादन सुरू होताच, ऑगस्टमध्ये तीही काढून घेतली.

न्या. भगवती व न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने डिसेंबर १९७८ मध्ये शासनाला 'प्रॉमिसरी इस्टॉपेल'च्या तत्त्वाने बांधील ठरविले. अनुच्छेद २९९ अन्वये रीतसर करार झालेला नव्हता, ही सबब चालली नाही. आश्वासनावर विसंबून उद्योजकाने आपली स्थिती बदलली, एवढे पुरेसे मानले गेले. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची अट न्यायालयाने घातली नाही. मात्र विधिमंडळाविरुद्ध अथवा कायद्याने मनाई केलेल्या आश्वासनासाठी हे तत्त्व लागू होत नाही. लोकहिताचे कारण सांगणाऱ्या शासनाने त्यासंबंधीची वस्तुस्थिती न्यायालयापुढे मांडली पाहिजे. माझ्या मते या निर्णयाचा खरा गाभा हाच आहे.

पुढील वाटचाल

१९८० च्या 'जीतराम' निर्णयाने या तत्त्वाला मुरड घातली. १९८५ च्या 'गॉडफ्रे फिलिप्स' निर्णयाने ते पूर्ववत केले. १९९४ च्या 'कासिंका ट्रेडिंग' प्रकरणात मात्र पीव्हीसी रेझिनवरील सीमाशुल्कमाफी मुदतीपूर्वी रद्द करणे लोकहितास्तव वैध ठरले. शासकीय वकिलांना हा निर्णय प्रिय असावा, यात नवल नाही.

डिसेंबर २०२० मधील 'ब्रह्मपुत्रा मेटॅलिक्स' निर्णय प्रशासकीय दिरंगाईशी संबंधित आहे. झारखंडच्या २०१२ च्या औद्योगिक धोरणात स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना विद्युत शुल्कात ५० टक्के सवलत जाहीर झाली होती. तिची अधिसूचना जानेवारी २०१५ मध्ये निघाली व तीही केवळ पुढील काळासाठी. सर्वोच्च न्यायालयाने ही विलंबाची सबब अमान्य केली आणि अनुच्छेद १४ शी निगडित 'रास्त अपेक्षे'च्या तत्त्वाचा आधार घेतला. धोरण जाहीर करणारा विभाग एक आणि अधिसूचना काढणारा दुसरा, अशी विभागणी जेथे असते, तेथे लघुउद्योजकाने गुंतवणुकीपूर्वी धोरणपुस्तिकेबरोबरच प्रत्यक्ष अधिसूचनाही तपासणे इष्ट ठरते. कारण उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा खर्च त्याच्या सवलतीहून अधिक असू शकतो.