सोनामुखी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

कावेरीतीरावरील कुंभकोणम् येथे वनौषधींच्या दुकानात वाळलेली, पिवळसर हिरवी, टोकदार पाने वजनावर मिळतात. ती सोनामुखी होय. जगाच्या औषधी बाजारात ती दक्षिणेकडील तिरुनेलवेलीच्या नावाने ओळखली जाते, कारण त्या भागात तिची लागवड होते. ही पाने घेण्यास कोणाची चिठ्ठी लागत नाही. इंग्रजी औषधांच्या दुकानात प्रुकॅलोप्राइड मागितले तर मात्र ती लागते. यावरून चिठ्ठीचे औषध जालीम आणि बिनचिठ्ठीचे निरुपद्रवी, असा समज सहज होतो. हा समज कितपत खरा, ते पाहू.

सोनामुखीतील सेनोसाइड ही द्रव्ये जठरातून व लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हाच त्यांतून क्रियाशील पदार्थ निर्माण होतो. तो आतड्याच्या हालचालींना चेतवितो आणि मलातील पाणी शोषले जाऊ देत नाही. या साऱ्यास सहा ते बारा तास लागतात. म्हणून ती निजताना घ्यावयाची. म्हणजे हे केवळ ‘पाल्याचे औषध’ नव्हे, तर निश्चित रासायनिक क्रिया करणारे रेचक आहे. बाजारातील अनेक चूर्णांत मुख्य काम तीच करीत असते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यास याचा पत्ताही नसतो. डॉक्टरांना न विचारता ती आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये, असा संकेत आहे. अतिसेवनाने जुलाब होऊन शरीरातील पोटॅशियम घटते.

औषध चिठ्ठीवर द्यावयाचे की नाही, ही सीमारेषा कायद्याने आखलेली असते, आणि ती हलते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पूड आतड्यात पाणी धरून ठेवते. अमेरिकेत १९९९ साली तिला मान्यता मिळाली ती चिठ्ठीवरील औषध म्हणून. २००६ साली तीच पूड चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. पूड बदलली नव्हती, अनुभव वाढला होता. उलट फिनॉल्फ्थॅलीन हे रेचक अनेक दशके तेथे खुलेपणी विकले जात असे. प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाची शंका आल्यावर १९९९ साली ते बिनचिठ्ठीच्या रेचकांतून वगळण्यात आले. चिठ्ठीवरील औषधे तरी निर्धोक असतात काय? टेगॅसेरॉडवर हृदयविकाराच्या शंकेमुळे भारतात २०११ साली बंदी आली.

मग निवड कशी करावी? आठवड्यातून तीनहून कमी वेळा शौचास होणे, मल कठीण असणे, कुंथावे लागणे, हे काही महिने चालले तर त्यास जीर्ण मलावरोध म्हणतात. अशा वेळी प्रारंभ सामान्यतः बिनचिठ्ठीच्या उपायांनीच होतो. गुजरात-राजस्थानात पिकणारा इसबगोल पाणी शोषून फुगतो. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, अन्यथा घशात किंवा आतड्यात अडकण्याची भीती असते. त्याने भागले नाही तर वर सांगितलेली पूड, क्वचित प्रसंगी सोनामुखी. एवढ्यानेही गुण न आल्यास प्रुकॅलोप्राइडसारख्या औषधांचा विचार डॉक्टर करतात.

परंतु काही रोग्यांनी ही पायरी-पायरीची वाट धरूच नये. मलात रक्त, वजनातील घट, पंडुरोग, उतारवयात अचानक सुरू झालेला मलावरोध, घराण्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर औषधाआधी तपासणी हवी. पोट फुगून उलट्या होत असतील, तर रेचक घेणे धोक्याचे. कधी दोष दुसऱ्याच औषधाचा असतो: लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके, रक्तदाबावरील काही गोळ्या. अवटु ग्रंथीची मंदताही कारण असू शकते.

काहींच्या बाबतीत मल पुढे येतो, पण शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. चूर्णे बदलून व गोळ्या वाढवून असे रोगी वर्षानुवर्षे कष्टी होतात. त्यांचा मुख्य उपचार म्हणजे उपकरणाच्या साहाय्याने त्या स्नायूंना सैल होण्याचे शिक्षण देणे. तो कोणत्याच दुकानात मिळत नाही.