दुसऱ्या प्रयोगाचं काय?

*युवारंग असो, गॅदरिंग असो की एकांकिका स्पर्धा. ड्रेपरीचं बिल परवडत नाही म्हणून नाटक अडायला नको. पोशाखाचं सामान शेतात, घरात आणि टेलरच्या दुकानात पडून आहे!*

एकांकिका बसते. संहिता पाठ होते, कोण कुठून एण्ट्री घेणार ते ठरतं आणि मग कुणीतरी विचारतं, 'कॉस्च्युमचं काय?' इथे अख्खा ग्रुप गप्प. पाचोऱ्यासारख्या गावात असाल तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. जळगावहून ड्रेपरी भाड्याने आणू. म्हणजे भाडं, डिपॉझिट, जाण्या-येण्याचा खर्च आणि हे सगळं पोरांच्या वर्गणीतून. एवढं करून राजाचा झगा येतो तो दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. आणि ज्याच्याकडे वर्गणीला पैसे नसतात तो हळूच म्हणतो, 'मी बॅकस्टेजच बघतो.'

यावर उपाय म्हणून 'टाकाऊतून टिकाऊ' पुढे येतं. वर्तमानपत्राचा घागरा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गाऊन तुम्हीही कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत पाहिला असेल. फोटो झकास येतो. पण त्यासाठी नवी टेप, नवा स्प्रे, नवं ग्लिटर आणलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं कचऱ्यात जातं. मग टिकाऊ काय राहिलं? म्हणून पोशाख करताना एकच प्रश्न विचारा, याचा दुसरा प्रयोग होईल का?

ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी 2021 मध्ये 'थिएटर ग्रीन बुक' नावाची नियमावली आणली. तिची पहिली पायरी साधी आहे. नाटकासाठी लागणाऱ्या साहित्यापैकी निम्मं आधी कुठेतरी वापरलेलं असावं आणि प्रयोग संपल्यावर 65 टक्के साहित्य पुढे पुन्हा वापरात जावं. कचरा वापरला, एवढ्यावर काम संपत नाही. पुढे त्याचं काय होणार, तेही आधीच ठरवायचं.

हे आपल्याला नवं नाही

आपल्याच सातपुड्याकडे बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत नाचणारे बुध्या-बावा बांबू आणि मोरपिसांचा उंच टोप घालतात. कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, अंगावर पांढरे ठिपके. घुंगरू सोडले तर बहुतेक सामान शेतातलं नाही तर रानातलं. त्यांच्यासाठी तो नवस आहे, फॅन्सी ड्रेस नाही. म्हणून स्टेजवर आदिवासी नृत्य करताना प्लॅस्टिकची पिसं लावून त्याची नक्कल करू नका. शिकायची ती नजर. हाताशी काय आहे आणि ते अंगावर कसं बोलेल, हे ओळखण्याची. नाशिक-पालघरकडच्या बोहाड्यातले देव-दैत्यांचे मुखवटेसुद्धा कागदाच्या लगद्यातून होतात.

संगीत नाटकाची आठवण म्हणजे आपल्याला उंची शालूच दिसतात. बालगंधर्वांनी पोशाखावर हात सैल सोडून खर्च केला, हे खरंच. पण 1919 मध्ये त्यांच्याच कंपनीने गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं आणि लोकांच्या मनात राहिली ती ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू. काय घालायचं ते पात्र ठरवतं, किंमत नाही.

खान्देशचं कपाट उघडा

आधी पात्राचा विचार करा, मग सामान शोधा.

ठिबकच्या जुन्या नळ्या: भंगारात जाणारी 16 मिलिमीटरची नळी वाकते, पण मोडत नाही. घेरदार घागऱ्याच्या आतल्या कड्या, मुकुटाचा सांगाडा, राक्षसाचे खांदे, सगळं तिच्यातून उभं राहतं.

केळीचं सोपट: जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खोडाला कुणी विचारत नाही. एका खोडाला एकदाच घड येतो, मग ते कापावंच लागतं. त्याचं वाळलेलं सोपट थोडं ओलं करून वळवा, कोरडं वळवलं तर तडकतं. वेणी घालून कमरपट्टा होतो, जटाही होतात. वापरून झाल्यावर उन्हात नीट वाळवा, नाहीतर बुरशी धरेल.

बारदान: मार्केट यार्डातलं फाटकं तागाचं पोतं धुऊन घेतलं की साधू, कैदी, सैनिक तिघांचंही काम होतं. अंगाला टोचतं म्हणून आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावा.

जुन्या साड्या आणि चिंध्या: बोहारणीकडे जाण्याआधी एक चक्कर घरच्या कपाटाकडे मारा. एका सुती शर्टामागे साधारण 2,700 लिटर पाणी लागतं, असा हिशोब सांगितला जातो. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. टेलरकडच्या कतरणी जोडून झूल करा. आजीला विचारा, गोधडीचा टाका तिला येत असेल.

रंग: चहाच्या चोथ्यात उकळलेला पांढरा सुती कपडा चाळीस वर्षं जुना दिसतो. कांद्याची सालं आणि तुरटी घेतली तर पिवळा-तपकिरी रंग चढतो. पॉलिस्टरवर मात्र हे जमत नाही.

स्टेजवर जाण्याआधी

पोशाख घालून किमान दोन तालमी कराच. बसा, पळा, पडा. वेफर्सची पाकिटं लांबून चांदीसारखी चमकतात, पण माईकजवळ इतकी कुरकुरतात की संवाद ऐकू येत नाही. प्लॅस्टिक, थर्माकोल, कागद, पोतं यातलं काहीही गरम हॅलोजनजवळ किंवा खऱ्या दिव्याजवळ नको. पेट घ्यायला क्षण लागतो. कीटकनाशकाचे डबे आणि पिशव्या कितीही धुतल्या तरी अंगाशी नकोतच.

आणखी एक. चिकटवण्यापेक्षा शिवा, शिवण्यापेक्षा नाडी बांधा. नाडीचा पोशाख यंदा सडपातळ राजाला बसतो आणि पुढच्या वर्षी धिप्पाड प्रधानालाही.

'काय भो, इतकी मेहनत कोण करणार?' असं कुणी म्हणेलच. मेहनत आहे, पण ती पहिल्या वर्षी. प्रयोग झाला की पोशाख घरोघरी वाटू नका. धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून एका पत्र्याच्या पेटीत भरा. सोबत एक वही ठेवा. कुठला पोशाख कशापासून केला, कुठल्या नाटकात वापरला, काय दुरुस्त करायचं आहे, सगळं लिहा. पेटी कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाकडे सोपवा.

तीन वर्षांत तुम्ही डिग्री घेऊन बाहेर पडाल, पेटी तिथेच राहील. पुढच्या बॅचच्या ज्या पोराकडे वर्गणीला पैसे नसतील, त्याच्या अंगावर तुमचा झगा चढेल. तेव्हा तो बॅकस्टेजला नसेल.