सुरक्षा-कॅमेऱ्याचे खोटे इशारे व प्रकाशाची व्यवस्था

ग्रामपंचायतींची कार्यालये, शाळा, सहकारी संस्थांची गोदामे व लहान कारखाने या ठिकाणी पहाऱ्यासाठी कॅमेरे बसविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांत असे कॅमेरे बसविणे बंधनकारक केल्यापासून हा विषय गावोगावच्या शिक्षकांपर्यंतही पोहोचला आहे. यांपैकी पुष्कळ कॅमेऱ्यांत, समोर हालचाल होताच पहारेकऱ्याच्या खोलीत अथवा भ्रमणध्वनीवर इशारा देण्याची सोय असते. परंतु ढग सरकला, दिवा लागला किंवा झाडाची सावली हलली, तरी इशारा येऊ लागल्यास ही सोय उपद्रव ठरते. एका रात्रीत चाळीस वेळा व्यर्थ उठलेला पहारेकरी एक्केचाळिसाव्या वेळी उठत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना शिकवितो. तिचा प्रत्यय येथे येतो. खोटे इशारे कमी करणे म्हणूनच सुरक्षिततेचे काम आहे.

इशारा कसा मिळतो?

साधा कॅमेरा माणूस ओळखत नाही. तो एका क्षणाचे चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो. चित्र लक्षावधी बारीक बिंदूंचे बनलेले असते. ठराविक संख्येपेक्षा अधिक बिंदूंची उजळी बदलली की, हालचाल झाली असे यंत्र मानते. अंगणातून माणूस गेला तरी बिंदू बदलतात आणि अंगणावर ढगाची छाया पडली तरी बदलतात. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच.

ही अडचण शास्त्रज्ञांनाही परिचित आहे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अशा यंत्रांपुढील अडचणींची यादी केली, तीत दिवसभर हळूहळू बदलणारा उजेड, एकाएकी लागणारा दिवा व हलणारी झाडे यांचा समावेश होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील स्टॉफर व ग्रिमसन यांनी प्रत्येक बिंदूच्या नेहमीच्या निरनिराळ्या अवस्था लक्षात ठेवणारी पद्धत मांडली. या पद्धतीने हळू होणारे बदल पचविता येतात; एकाएकी होणारा बदल मात्र अवघडच राहतो.

गोविंदपुरा येथील उदाहरण

प्रकाशाचे बहुतेक प्रकार एकत्र पाहावयाचे झाल्यास भोपाळमधील गोविंदपुरा या औद्योगिक भागाचे उदाहरण घेता येईल. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीच्या कारखान्याच्या आश्रयाने येथे पूरक वस्तू बनविणारे अनेक लहान कारखाने उभे राहिले. अशा वसाहतीत जोडकामाचा (वेल्डिंगचा) लखलखाट, मालमोटारींचे दिवे, रस्त्यावरील दिवे आणि पावसाळी ढग यांचा कॅमेऱ्यावर एकाच वेळी परिणाम होऊ शकतो.

त्यात सूर्याची भर पडते. कर्कवृत्त भोपाळच्या किंचित उत्तरेकडून जाते. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो व भिंतीची सावली नाहीशी होते. २१ डिसेंबरच्या सुमारास मात्र तीन मीटर उंचीच्या भिंतीची सावली मध्यान्हीदेखील तीन मीटरांहून लांब पडते. सूर्योदयाची जागाही वर्षभरात पूर्व क्षितिजावर सुमारे ५१ अंशांनी सरकते. जूनमध्ये बिनचूक लावलेला कॅमेरा डिसेंबरमध्ये खोटे इशारे देऊ लागला, तर यंत्र बिघडले असे समजू नये. महाराष्ट्रातही अंशांच्या थोड्या फरकाने हेच घडते.

बसविताना घ्यावयाची काळजी

प्रथम प्रकाश सुधारावा, नंतर यंत्र. कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे व भिंगावर छज्जा असावा. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड असल्यास सकाळ-सायंकाळचे ऊन थेट भिंगात शिरते. रस्ता, झाडांचे शेंडे, चकाकणारे पत्रे व जोडकामाची जागा हे भाग इशाऱ्याच्या क्षेत्रातून वगळावेत. फाटक, दार व कुंपणालगतची वाट तेवढी ठेवावी.

आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने नळीचा दिवा सेकंदास शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. पण कॅमेरा ६० आवर्तनांवर लावलेला असल्यास चित्रात पट्टे सरकताना दिसतात. म्हणून ही निवड ५० वर आहे, याची खात्री करावी.

तिन्हीसांजेला कॅमेरा रंगीत चित्रावरून कृष्णधवल चित्रावर जातो, तेव्हा संपूर्ण चित्र बदलते. उजेड काठावर असेल तर तो पुनःपुन्हा पालटतो. या पालटास काही सेकंदांचा विलंब ठेवावा. रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिव्यांकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतात आणि भिंगासमोरचे जाळे वाऱ्याने हलताच इशारा वाजतो. स्वतंत्र दिवा कॅमेऱ्यापासून काही अंतरावर लावणे आणि भिंग नियमित पुसणे, हा त्यावर सोपा उपाय होय.

शरीराची उष्णता ओळखणारे साधन जोडीला ठेवून, दोघांची साक्ष जुळली तरच इशारा द्यावा, अशीही व्यवस्था करता येते. मात्र कडक उन्हाळ्यात हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेल्यावर हे साधन मंदावते. मानवाकृती ओळखणारे नवे कॅमेरेही उपयुक्त आहेत. परंतु अंधारात किंवा आडोशाला असलेला माणूस त्यांच्याकडूनही सुटू शकतो.

नोंदवही व चाचणी

खोट्या इशाऱ्यांना कंटाळून संवेदनक्षमता एकदम उतरविणे धोक्याचे आहे. त्यामुळे खोट्या इशाऱ्यांबरोबर खरेही बंद होतात. त्याऐवजी सात दिवस नोंदवही ठेवावी. प्रत्येक इशाऱ्याची वेळ, हवामान व दिसलेले कारण लिहावे. रोज एकाच सुमारास येणारा इशारा बहुधा ऊन किंवा ठराविक वेळी लागणारा दिवा यामुळे असतो. पावसाळी दिवशीच येणारा ढगांमुळे वा थेंबांमुळे. कारण कळल्यावर एका वेळी एकच बदल करावा.

प्रत्येक बदलानंतर एका व्यक्तीने आवाराच्या दूरच्या कडेने, दिवसा एकदा व रात्री एकदा, चालत जावे. दोन्ही वेळा इशारा आला, तरच तो बदल कायम ठेवावा. ही तपासणी उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशी वर्षातून तीनदा व्हावी आणि तिची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून दिलेली असावी. शाळांतून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सावलीची मोजणी करावयास लावल्यास भूगोलाचा पाठही आपोआप होईल. इशारा क्वचित यावा, पण आला की पहारेकऱ्याने उठलेच पाहिजे, असा विश्वास निर्माण झाला म्हणजे कॅमेऱ्यावर केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.