भाड्याच्या घरातील मुंग्या

प्रस्तावना

मुंगी हा जीव लहान. पण मराठी भाषेत तिचे स्थान मोठे आहे. हातपाय बधिर झाले की त्यांना 'मुंग्या येतात'. लाभाच्या जागी माणसे गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटतात. नम्रतेचा उपदेश करताना 'मुंगी होऊन साखर खावी' असे वडीलधारी माणसे सांगतात. मात्र हीच मुंगी साखरेच्या डब्यात शिरली की तिचे कौतुक संपते. घर भाड्याचे असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : मुंग्या ज्या फटीतून येतात ती फट बुजवायची कोणी? प्रस्तुत पाठात या दोन्ही गोष्टींचा विचार केला आहे.

कावेरीच्या खोऱ्यातील एक गाव

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. महालिंगस्वामींच्या प्राचीन मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे. मराठी माणसाचा या गावाशी जुना संबंध आहे. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह यांना १७९८ मध्ये गादीवरून दूर करण्यात आले. त्यानंतर ते येथे येऊन राहिले आणि १८०२ मध्ये निवर्तले. तंजावरच्या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आढळतात.

या भागातील जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने ओटा असतो. त्याला 'तिण्णै' म्हणतात. आत चौक, लाकडी खांब, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती आणि वर कौले असतात. अशा भिंतींतील भेगा, खांबांच्या बुंध्याजवळील पोकळ्या आणि फरशीचे सांधे मुंग्यांना राहण्यास सोयीचे असतात. महाराष्ट्रात जून महिन्यात पाऊस सुरू झाला की मुंग्या घरात येतात. तिरुविडैमरुदूरला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जमीन पाण्याने भरते, वारुळे बुडतात आणि मुंग्या कोरड्या भिंतींचा आश्रय घेतात. म्हणून तेथील भाडेकरूने घराची पाहणी सप्टेंबरमध्येच करावी, हे उत्तम.

याच गावांत एक सुंदर प्रथाही आहे. सकाळी दारापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाचे 'कोलम' काढतात. आपली रांगोळी शिरगोळ्याच्या भुकटीची. ती कोणी खात नाही. कोलमचे पीठ मात्र मुंग्या आणि पाखरे खातात, आणि ते त्यांनी खावे अशीच त्यामागची भावना असते. मुंगीला दाराबाहेर अन्न आणि स्वयंपाकघरात मज्जाव, अशी ही व्यवस्था आहे.

मुंग्यांची वाट

मुंग्यांचा बंदोबस्त करण्यापूर्वी त्यांची रीत समजून घेणे आवश्यक आहे. वसाहतीत राणी अंडी घालते. अन्न आणणे, पिलांना भरवणे, घर राखणे ही कामे कामकरी मुंग्या करतात. या सर्व माद्याच असतात. अन्नाचा शोध लागलेली मुंगी परतताना जमिनीवर एका गंधद्रव्याची रेघ सोडत जाते. इतर मुंग्या त्या गंधाच्या मागाने जातात आणि अन्न मिळाले की त्याच रेघेत भर घालतात. त्यामुळे वाट अधिकाधिक ठळक होते. अन्न संपले की भर पडणे थांबते आणि गंध विरून जातो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. रांगेतील मुंग्या म्हणजे संपूर्ण वसाहत नव्हे. शंभर मुंग्या चिरडल्या, तरी राणी सुरक्षित असते आणि वाटही कायम राहते. 'फारो मुंगी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारीक पिवळसर मुंग्यांच्या वसाहतीत तर अनेक राण्या असतात. त्यांच्यावर विषारी फवारा मारला, तर वसाहत फुटून तिच्या अनेक वसाहती होऊ शकतात. एका खोलीतील उपद्रव मग चार खोल्यांत पसरतो.

मुंगी की वाळवी?

पावसाच्या सुरुवातीला घरात पंख असलेले कीटक दिसले, तर ते नीट न्याहाळावेत. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीला अशी कंबर नसते, तिच्या मिशा सरळ असतात आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. भिंतीवर किंवा खांबावर मातीच्या नळ्या दिसल्या, तर वाळवी लागली आहे असे समजावे. मुंगी साखर नेते. वाळवी घराचे खांब पोखरते. म्हणून वाळवीची खूण दिसताच घरमालकाला त्याच दिवशी कळवावे.

भाडेकरूने करावयाचे उपाय

पहिला उपाय स्वच्छतेचा. साखर, गूळ, खोबरे, तळलेले पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत. खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवू नयेत. गळका नळ दुरुस्त करावा, कारण उन्हाळ्यात मुंग्या पाण्यासाठीही येतात.

दुसरा उपाय वाट पुसण्याचा. प्रथम मुंग्या कोठून येतात ते पाहून त्या जागी खूण करावी. मग साबणाच्या पाण्याने ती वाट पुसून काढावी. कोरड्या फडक्याने मुंग्या झटकल्या, तर गंध तसाच राहतो. हळद किंवा हिंग टाकल्याने मुंग्या काही काळ अडतात. पण लवकरच दुसरी वाट शोधतात.

तिसरा उपाय आजीच्या काळचा आहे. कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पाण्यात साबणाचा थेंब टाकल्यास मुंगीला त्यावरून चालता येत नाही. हे पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे. अन्यथा मुंग्या टळतील आणि डास वाढतील.

एवढे करूनही मुंग्या हटल्या नाहीत, तर आमिषाचा उपयोग करावा. एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी, चहाचे आठ चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा बोरिक पावडर एकत्र विरघळवावी. त्यात भिजवलेला कापूस मुंग्यांच्या वाटेजवळ ठेवावा. आमिष सौम्य असल्यामुळे मुंगी लगेच मरत नाही. ती ते पोटात घेऊन जाते आणि आपल्या बहिणींना व राणीला भरवते. सुरुवातीला रांग वाढलेली दिसते. त्या वेळी मुंग्या मारू नयेत किंवा ती वाट पुसू नये. परिणाम दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. बोरिक पावडर पोटात गेल्यास माणसालाही अपायकारक आहे. म्हणून आमिष मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, अन्नापासून दूर आणि नाव लिहून ठेवावे.

विषाबाबत सावधगिरी

पूर्वी अनेक घरांत बीएचसीची पावडर सर्रास टाकली जात असे. भारतात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. मुंग्या मारण्याचा खडू साधा दिसत असला, तरी त्यात कीटकनाशक असते आणि लहान मूल त्याला पाटीवरची पेन्सिल समजू शकते. भिंतीच्या भेगेत रॉकेल ओतल्याने आगीचा धोका संभवतो. मूठभर साखर वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

फट कोणाची?

तमिळनाडूत घरमालक व भाडेकरू यांच्या हक्क आणि जबाबदाऱ्यांविषयीचा २०१७ चा कायदा २०१९ मध्ये अमलात आला. त्यानुसार भाडेकरार लेखी असावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात, करारात वेगळे ठरले नसल्यास, इमारतीची दुरुस्ती आणि भिंतींची रंगसफेदी मालकाकडे, तर मोरीची सफाई व नळाचे वायसर यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे सोपवली आहेत. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊन किमान पंधरा दिवस वाट पाहूनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

तक्रार तोंडी न करता पत्राने करावी. मुंग्या कोणत्या भिंतीतून येतात, भेग किती लांब आहे आणि कोणती दुरुस्ती हवी, हे त्यात स्पष्ट लिहावे. पत्राची एक प्रत जवळ ठेवावी. घर घेण्यापूर्वीच भिंतींची पाहणी करून दोष करारात नोंदवले, तर पुढचा वाद टळतो.

मुंग्या मेलेले किडे उचलून नेतात, वाळवी खातात, माती भुसभुशीत करतात. अंगणातील वारूळ मोडण्याचे कारण नाही. उंबऱ्याच्या आत त्यांना येण्याचे निमित्त मिळू नये, एवढी काळजी भाडेकरूने घ्यावी आणि येण्याची वाट राहू नये, एवढी मालकाने.

शब्दार्थ

बधिर – संवेदना नसलेला
निवर्तणे – मरण पावणे
मज्जाव – मनाई
शिरगोळा – रांगोळी करण्याचा मऊ पांढरा दगड
आमिष – भुलवण्यासाठी ठेवलेले खाद्य

स्वाध्याय

१. रांगेतील मुंग्या मारल्याने प्रश्न का सुटत नाही?
२. मुंगी आणि वाळवी यांतील तीन फरक लिहा.
३. आपल्या घरातील भिंतीच्या भेगेतून मुंग्या येत आहेत. दुरुस्तीची विनंती करणारे पत्र घरमालकाला लिहा.