ब्लॉक वाचवायचा, बोल्ट नाही

जाम झालेला बोल्ट तुटण्याआधी क्षणभर फसवतो. पाना थोडा फिरतो आणि हाताला वाटतं, सुटला. प्रत्यक्षात आटे जागचे हललेलेच नसतात, बोल्टाचा दांडा पिळला जात असतो. आणखी जरा जोर पडला की ‘टक्’ असा आवाज होतो, डोकं पान्यात येतं आणि दांडा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहतो. आऊटबोर्ड इंजिन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीच्या ओळखीचा हा आवाज आहे. चांगला मिस्त्री तो येण्याआधी थांबतो, आणि आलाच तर त्यानंतर घाई करत नाही.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या लहान होड्यांना आणि पर्यटकांच्या बोटींना मागच्या फळीवर अडकवलेलं जे इंजिन दिसतं, ते आऊटबोर्ड. त्याला रेडिएटर नसतो. खालच्या भागातल्या जाळीतून समुद्राचं पाणी आत ओढलं जातं, ते ब्लॉकमधून फिरतं आणि परत समुद्रात पडतं. म्हणजे चालू असेपर्यंत हे इंजिन बाहेरूनही खाऱ्या पाण्यात असतं आणि आतूनही. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली की इंजिनं उतरवून उघडायला घेतात. थर्मोस्टॅटचं झाकण, एक्झॉस्टचं झाकण, सिलिंडर हेड, पाण्याचा पंप या सगळ्यांचे बोल्ट तेव्हा सोडवावे लागतात, आणि मुक्काम हलवायला नकार देणारे बोल्ट तेव्हाच सापडतात.

या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असतो. बोल्ट जाम होतात हा दोष अ‍ॅल्युमिनियमचा आहे असं पटकन वाटेल, पण त्याच्यावाचून हे इंजिन इतकं हाताळण्याजोगं झालं नसतं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत मिलवॉकी इथे १९०९ मध्ये आऊटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली. पुढे १९२१ मध्ये त्यांनी ‘एल्टो’ हे दोन सिलिंडरचं इंजिन आणलं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा मोठा वापर होता, त्यामुळे ताकद वाढूनही वजन कमी झालं. होडीच्या फळीवर टांगायचं आणि गरज पडली तर उचलून घरी न्यायचं, तर इंजिन हलकंच हवं. बोल्ट मात्र मजबूत हवा, म्हणून तो पोलादाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. अडचण अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद या दोन धातूंच्या शेजारात आहे.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि भोवती खारं पाणी असलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. समुद्राच्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यातला विद्युतदाबाचा फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त भरू शकतो. या व्यवहारात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्यातून पांढरी भुकटी तयार होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा व्यापते, पण बोल्ट आणि भोक यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत तिला पसरायला वाव नसतो. मग ती दाबली जाऊन कडक होते आणि बोल्टाला आट्यांपासून डोक्यापर्यंत आवळून धरते. म्हणूनच कित्येकदा तुटलेला बोल्ट बाहेर काढल्यावर चकचकीत दिसतो आणि भोक मात्र खाल्लेलं असतं.

हे दुखणं आऊटबोर्डहून फार जुनं आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. काही काळाने तपासणी झाली तेव्हा पत्रे टिकले होते, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. जिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. दोन धातूंच्या मध्ये काहीतरी ठेवा, हा धडा त्या कागदाने दिला. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवण्याची युक्ती मांडली. आज आऊटबोर्डच्या खालच्या भागावर जो अ‍ॅनोड बसवतात, तो त्याच विचाराचा वंशज. स्वतः झिजून तो बाकीच्या धातूला वाचवतो.

जाम बोल्ट सोडवण्याचे उपाय बरेच आहेत. कारागिरी आहे ती त्यांच्या क्रमात. सगळ्यात कमी इजा करणारा उपाय आधी, असा तो क्रम. सुरुवात भिजवण्यापासून होते. गंज सोडवणारं पातळ तेल घालून एक रात्र, गरज पडली तर अनेक रात्री, बोल्ट तसाच ठेवायचा. मग डोक्यावर सरळ, नेमके ठोके द्यायचे, म्हणजे आतला कडक थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचा आणि मग सोडवायचा. जरा हलला की लगेच पुढे रेटायचा नाही. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा तेल.

त्याने भागलं नाही तर उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं. बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्याखाली सैल होतं, तसंच हे. सहा मिलिमीटरच्या भोकाचं तापमान १५० अंशांनी वाढवलं तर दोघांमध्ये जेमतेम पाच मायक्रॉनचा फरक पडतो, पण जाम थर तडकवायला कित्येकदा तेवढाही पुरतो. धोका मात्र इथेच आहे. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, ब्लॉकचा ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. म्हणून ज्योत एका जागी धरायची नाही, फिरती ठेवायची, आणि पेट्रोलची टाकी व नळ्या आधीच दूर न्यायच्या.

एवढं करूनही डोकं तुटलं आणि दांडा थोडा वर राहिला, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, ही इथली मोठी सोय. शिवाय वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टात उतरते आणि थर मोडते. इंजिनाची इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी मात्र आधी सोडवून ठेवावी लागते.

दांडा पृष्ठभागाच्या खाली तुटला असेल तर ड्रिलशिवाय गत नाही. हे काम सर्वांत नाजूक, कारण बोल्ट कडक आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिल मऊ बाजूला घसरायला टपलेलं असतं. आधी तुटलेला माथा कानशीने सपाट करायचा, पंचने नेमका मध्य काढायचा, कोबाल्टचं ड्रिल कमी वेगात, भरपूर तेलासह चालवायचं. डाव्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधी कधी भोक पाडता पाडताच बोल्ट उलटा फिरून बाहेर येतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टात बरोबर मध्यावर पाच मिलिमीटरचं भोक पडलं, तर उरलेले आटे टोकदार सळईने सोलून काढता येतात. ‘ईझी आऊट’ नावाचं उलट्या आट्यांचं हत्यार मात्र जपून वापरावं. ते अतिशय कडक पण ठिसूळ असतं. ते आत तुटलं की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही.

अशा वेळी शेवटचा आधार असतो ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या ईडीएम यंत्राचा. १९४० च्या दशकात सोव्हिएत संघात लाझारेंको दांपत्याने या तंत्राचा पाया घातला. त्याच सुमारास अमेरिकेतही असं यंत्र घडवलं गेलं, आणि ते मुळात अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं) आणि ड्रिल काढण्यासाठीच होतं. आज डाय आणि साचे घडवणाऱ्या कारखान्यांत ही यंत्रं रोज चालतात. त्यांचा एक उगम तुटलेल्या टॅपच्या त्रासात आहे, हे या कामाला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

भोक मोकळं झालं पण आटे गेले असतील, तर हेलिकॉइल बसवतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी भोक साधारण ६.३ मिलिमीटरचं करून, त्याचा खास टॅप मारून, स्टेनलेस तारेची गुंडाळी आत फिरवतात. मऊ अ‍ॅल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा ही जागा बहुधा जास्त भक्कम होते.

या सगळ्या खटपटीत मिस्त्री एक हिशेब कधी विसरत नाही. बोल्ट काही रुपयांना मिळतो, ब्लॉक गेला तर इंजिन गेलं आणि त्याच्याबरोबर एका घराचा हंगाम. म्हणून दर पावलाला प्रश्न एकच असतो: याने ब्लॉकला काय होईल? जोर दाखवायची खुमखुमी असणाऱ्याला हे काम जमत नाही. धातू काय सांगतो ते हाताने ऐकणाऱ्याला जमतं, आणि ही जाण वर्षानुवर्षं बोल्ट हाताळल्याशिवाय येत नाही.

आणि काम बोल्ट निघाला म्हणजे संपत नाही. भोकातली पांढरी भुकटी साफ करायची, टॅप फिरवून आटे मोकळे करायचे, नव्या बोल्टाच्या आट्यांना आणि दांड्यालाही मरीन ग्रीस चोपडायचं, आणि ग्रीसमुळे बोल्ट सहज जास्त आवळला जातो हे ओळखून पाना बेतानेच वापरायचा. फेरीवरून आल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुणं आणि झिजलेला अ‍ॅनोड वेळेवर बदलणं हे मालकाचं काम. दोघांनी आपापलं केलं तर पुढच्या पावसाळ्यात तोच बोल्ट साध्या पान्याने सुटतो. बोल्ट आवळणं कुणालाही येतं. पुढच्या माणसाला तो सोडवता येईल असा बसवणारा खरा कारागीर. म्हणून इंजिन ताब्यात घेताना मालकाने पैशांच्या आधी एवढं जरूर विचारावं, ‘बोल्टांना ग्रीस लावलंत ना?’